कम्फर्टेबल कोणाला वाटत नाही?

३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला काय म्हणायचं होतं तेच राहून जातं. म्हणून पत्र.

आधी आनंदाची बातमी. लेकीचं लग्न पक्कं झालं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, माझ्या चष्म्याच्या दुकानामागे तो नवा हॉल झालाय ना, तिथे. मुलगा इंजिनीअर आहे, पुलांची कामं बघतो. बोलायला साधा. त्याची आई शाळेत गणित शिकवते, वडील निवृत्त. माणसं चांगली आहेत, जरा जास्तच नीटनेटकी. आमच्याकडे आले तेव्हा दारातल्या आमच्याही चपला सरळ लावून मग आत आले, यावरून काय ते समज.

आता थोडं नाजूक. तुझ्या कामाचं मला स्वतःला काही वाटत नाही, हे तुला माहीत आहे. उलट मी चारचौघांत सांगतो, येरागबाळ्याचं काम नाही ते. पण नाती नवी आहेत. लग्नाच्या दिवशी कोणीतरी सहज विचारणार, ताई काय करतात, आणि मग हॉस्पिटल, शवागार, गेलेल्या माणसांचे चेहरे वगैरे सगळं निघणार. पाहुण्यांना कम्फर्टेबल वाटणार नाही. त्यात कोणाचा दोष नाही. लेकीला लग्नात तूच तयार करायचंस असं ती लहान असल्यापासून ठरलंय, तेही मी विसरलेलो नाही. पण नवरीच्या चेहऱ्याला... म्हणजे तू समजून घेशील. एका पार्लरवालीला सांगून ठेवलं आहे.

लग्न झाल्यावर एखाद्या रविवारी दोघं तुझ्याकडे येतील, दिवसभर निवांत राहतील. हॉलच्या गडबडीत भेटण्यापेक्षा ते तुलाही कम्फर्टेबल पडेल.

तुझा,
धाकटा


८ ऑक्टोबर

चिरंजीव,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. या पत्रात जागा नाही.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी कामावर होते. टेबलावर एक आजोबा होते. त्यांच्या सुनेने फोटो आणून दिला होता. मी नेहमी हसरा फोटो मागते, ओळखपत्रावरचा चालत नाही, त्यात जिवंत माणूसही मेल्यासारखा दिसतो. आजोबांना तसंच ठेवून तुझं पत्र वाचणं बरं दिसेना, म्हणून आधी त्यांचं काम पुरं केलं, हात धुतले आणि मग बेसिनपाशी उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा हात धुवावेसे वाटले.

कम्फर्टेबल. एका पत्रात दोनदा लिहिलास. हा शब्द आपल्या घरात कधी आला, आठवतं? तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीबरोबर आला. तेव्हा तो खुर्चीचा होता. मग बुटांचा झाला, मग गाडीच्या सीटचा. तोवर माझी काही तक्रार नव्हती. पाठ टेकते की नाही, पाय चावतो की नाही, हे सांगायला शब्द चांगला आहे. पुढे तो माणसांना चिकटला आणि नासला.

आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, ड्यूटीवरून आल्यावर तुम्ही जिन्याने गेलात तर बाकीच्यांना कम्फर्टेबल होईल. बाकीचे म्हणजे कोण, विचारलं. म्हणाल्या, असं एकाचं नाव कसं घेणार. हॉस्पिटलच्या कँटीनमधून आमच्या विभागाचं जेवणाचं टेबल उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये मांडलं, तेव्हा म्हणे स्टाफ कम्फर्टेबल नव्हता. मी एकेकाला गाठून विचारलं. प्रत्येकाने कानावर हात ठेवले. टेबल अजून पॅसेजमध्येच आहे.

तेव्हापासून मी या शब्दावर पाळत ठेवून आहे. ज्याला मी नको असते तो स्वतः कधी येत नाही. त्याच्या वतीने दुसराच कोणीतरी येतो आणि तो बिचारा फार समजूतदार असतो, त्याला स्वतःला काही वाटत नसतं. तोंडावर "येऊ नकोस" म्हणणारा परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं. इथे मी कोणाशी भांडू? तुझ्या पाहुण्यांशी? ते अजून हॉलवर पोचलेसुद्धा नाहीत.

तुझे सासरे गाडीच्या धडकेत गेले तेव्हा तू पहिला फोन कोणाला केलास? पार्लरवालीला? त्यांच्या कपाळाचं काय झालं होतं ते तू पाहिलं नाहीस, कारण तू बघू नयेस म्हणून मी दार लावून घेतलं होतं. दार उघडल्यावर तुझ्या बायकोने वडिलांच्या गालाला गाल लावला. त्या दिवशी सगळी मंडळी अगदी कम्फर्टेबल होती.

तेव्हा सरळ विचारते. कोणाला? नाव लिही. आणि "नवरीच्या चेहऱ्याला" याच्यापुढे तीन टिंबं दिली आहेस, त्या टिंबांच्या जागी काय होतं तेही लिही. माझ्याकडे ब्रशांचे दोन वेगळे संच आहेत. जिवंतांचा संच तुझ्या लेकीसाठी घेतलेला आहे आणि त्याचं वेष्टनसुद्धा मी काढलेलं नाही.

ताई


१५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू रागावणार हे धरूनच चाललो होतो, पण इतकी? बायकोने पत्र वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नाव लिही म्हणतेस. नाव असं कोणाचंच नाही, कारण त्यांना अजून सांगितलेलंच नाही. पहिल्या बैठकीत विहीणबाईंनी विचारलं, मुलीची आत्या काय करतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, ब्यूटीशियन आहे. तसं पाहिलं तर हे खोटं नाही.

पण आता अंगाशी आलंय. विहीणबाई एकदम खूश झाल्या. म्हणतात, घरचं माणूस असताना बाहेरची बाई कशाला? माझा चेहराही त्याच करतील, माझ्या दोन्ही बहिणींचाही. मी पार्लरवालीचं नाव काढलं तर म्हणाल्या, नको, ताईंना वाईट वाटेल. आता तू आली नाहीस तर मी काय सांगू? तुझी तब्येत बरी नाही म्हणालो तर त्या भेटायलाच निघतील, तशाच आहेत त्या.

तेव्हा तू ये. अगदी मनापासून सांगतो, ये. फक्त पार्लरमध्ये काम करते असं म्हण. कोणी खोलात गेलं तर गिऱ्हाईक भरपूर असतं एवढं सांगितलंस तरी पुरे, ते काही खोटं नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे. माझ्यासाठी नको, लेकीसाठी कर.

तुझा,
धाकटा


१७ ऑक्टोबर

आत्या,

बाबांनी आधी सांगितलं की तुला रजा मिळत नाहीये. परवा म्हणाले की मिळाली. दोन्ही वेळा ते चष्म्याची काच पुसत होते. बाबा खोटं बोलताना कोणाचातरी चष्मा पुसत असतात. मग आईने तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, मला काही विचारू नकोस, वाच.

मी दुकानात जाऊन भांडले. गिऱ्हाईक समोर होतं, तरी भांडले. बाबा म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच केलं. माझ्या भल्याचं काही करायचं तर एकदा मला विचारायला काय होतं?

तुला एक सांगते. ज्याच्याशी माझं लग्न होणार आहे त्याला तुझं काम पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. मी सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, त्यांचे हात थरथरत नाहीत का? मी म्हटलं, माहीत नाही, तूच विचार. त्याला तुला हे विचारायचंय. त्याने घरी सांगितलेलं नाही, कारण त्याला वाटलं ते आमच्याकडून सांगितलं जाईल. सगळ्यांना वाटत राहिलं की दुसरा कोणीतरी सांगेल.

माझा चेहरा तूच करायचास. पार्लरवालीला मी काल फोन करून नको सांगितलं. सासूबाईंचा पत्ता तू फोनवर मागितलास म्हणून खाली लिहिला आहे. कशाला हवाय ते विचारत नाही.

तुझी,
चिमणी


२२ ऑक्टोबर

चिरंजीव,

"गिऱ्हाईक भरपूर असतं" हे वाक्य मी शवागारातल्या आमच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही.

विहीणबाईंचा पत्ता लेकीकडून घेतला आहे. पुढचं मी बघते.

ताई


२२ ऑक्टोबर

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

आपली ओळख नाही. मी मुलीची आत्या. तिच्या लग्नात तुमचा आणि तुमच्या बहिणींचा चेहरा मी करावा असं तुम्ही म्हणालात, असं भावाने कळवलं. एवढ्या आपलेपणाने मला फार दिवसांत कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणूनच तुम्हाला अंधारात ठेवून ते करणं मला जमणार नाही.

मी पार्लरमध्ये नाही. हॉस्पिटलच्या शवागारात आहे. माणूस गेल्यावर घरच्यांनी त्याला शेवटचं बघायचं असतं, त्याआधी मी त्याला तयार करते. अपघात झालेला असतो, आजाराने गाल बसलेले असतात, कधी तोंड उघडं राहिलेलं असतं. ते नीट करते. केस विंचरते, दाढी करते. क्रीम आधी माझ्या तळव्यावर गरम करून घेते, कारण थंड कातडीवर ते पसरत नाही. आयुष्यभर हेच केलं आणि मला त्याची लाज नाही. माझ्या घरच्यांना आहे, असं या महिन्यात कळलं.

लग्नकार्यात हे ऐकून तुम्हाला कम्फर्टेबल वाटणार नाही, असं मला तुमच्या वतीने सांगण्यात आलं आहे. तुमच्या वतीने म्हणजे तुम्हाला न विचारता. मला या प्रकाराची मनस्वी चीड आहे, म्हणून थेट तुम्हालाच विचारते. मी यावं की नको? नको असेल तर नको म्हणा. मी वाईट वाटून घेईन, पण तुमच्याबद्दल वाईट बोलणार नाही. फक्त उत्तर तुमचं स्वतःचं असू द्या. पाहुणे, बहिणी, चारचौघं यांना मधे आणू नका.

लग्न मोडण्यासारखं यात काही नाही, असं मी धरून चालते. मुलगी गुणी आहे, आत्या काहीही करत असली तरी.

आपली,
मुलीची आत्या


४ नोव्हेंबर

ताईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. आठवडाभर पत्र कपाटात ठेवून दिलं होतं. कोणाला दाखवलं नाही.

उत्तर माझं स्वतःचं हवं म्हणालात. तर ऐका. तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी उठून हात धुतले. साबणाने. धुवून झाल्यावर माझीच मला लाज वाटली, कारण ते पत्रच होतं, कागद होता. पण धुतले हे खरं.

मला भीती वाटते. माझ्या चेहऱ्याला तुमचा हात लागावा हे मला सहन होणार नाही. आई गेली तेव्हा मी खोलीत गेले नव्हते, तेव्हापासूनची ही भीती आहे. मुलांना गणित शिकवते, भूतबीत काही मानत नाही, तरी आहे. म्हणून माझा चेहरा मी माझाच करीन, नाहीतरी पावडर आणि कुंकू यापलीकडे माझं काही नसतं. बहिणींना मी सगळं सांगितलं. धाकटी म्हणाली, मला चालेल, त्यांच्याकडे वेळ असेल तर माझ्या भुवयाही बघायला सांग.

तुम्ही यायचं आहे. मुलीला तुम्हीच तयार करायचं आहे, तिची इच्छा आहे आणि तिच्या चेहऱ्यावर माझा हक्क नाही. जेवायला माझ्या शेजारी बसा. तुम्हाला ते सगळं बघून जेवण जातं का, हे मला विचारायचं आहे. उद्धट वाटलं तर सोडून द्या.

तुमच्या भावांना मी काल फोन केला. म्हटलं, आम्हाला काय सोसतं आणि काय नाही हे तुम्ही परस्पर कसं ठरवलंत? आम्ही एवढी कोण लागून गेलो की तुम्ही सख्ख्या बहिणीचं काम लपवावं? ते बराच वेळ हो हो म्हणत राहिले. माझा आवाज चढला होता. शिक्षिकेचा आवाज, सवयीने चढतो.

आपली,
मुलाची आई


८ नोव्हेंबर

ताई,

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा दुकानात माणसं होती. मी आतल्या खोलीत, जिथे डोळे तपासतो तिथे, दिवा बंद करून उभा राहिलो आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

तू नाव लिही म्हणाली होतीस. लिहितो. माझं.

आई गेली तेव्हा तिचं तूच सगळं केलंस. मला तू बाहेर थांब म्हणालीस, पण दार पूर्ण लागलं नव्हतं. फटीतून दिसत होतं. तू तिच्या गालांना क्रीम लावत होतीस आणि तिला रागवत होतीस. औषधं वेळेवर घेतली नाहीस, डॉक्टरांचं ऐकलं नाहीस, आता बघ. जिवंत माणसाला रागवावं तशी. मग तिची हनुवटी धरून तू चेहरा उजेडाकडे वळवलास. आपल्याला शाळेत पाठवताना आई वळवायची तसा.

मला वाटलं, एक दिवस मी असाच पडलेला असेन आणि ही मला अशीच रागवेल आणि मला उत्तर देता येणार नाही. तेव्हापासून तुझे हात मला बघवत नाहीत. तू आमच्याकडे येतेस, चहा करून देतेस, तो मी गार झाला म्हणून ठेवून देतो. तो गार झालेला नसतो. बायकोला आता आता कळलं. तुला कळू नये म्हणून काय काय केलं ते सांगत नाही.

पाहुण्यांचं मी खोटं सांगितलं. माझंच होतं सगळं. मला भीती वाटते, ताई. तुझी नाही. पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाची म्हणून सांगू, तेही कळत नाही.

धाकटा


१२ नोव्हेंबर

चिरंजीव,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा रागावले, तिसऱ्यांदा पुन्हा रागावले. तो राग अजून आहे.

आईला रागवत होते, कारण मला रडायचं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर पाणी पडलं असतं तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. दाराच्या फटीतून बघितलंस आणि तिथूनच परत गेलास, आणि एवढी वर्षं त्या फटीतूनच माझ्याकडे बघत राहिलास.

आणि चहा. माझ्या हातचा चहा तू टाकतोस हे मला कधीच दिसत होतं. मला वाटायचं, साखर कमी पडते. दर खेपेला थोडी वाढवत गेले. तुझ्या बायकोने एकदा विचारलंही, ताई, एवढी गोड कशाला करता? मी म्हटलं, त्याला आवडते. आणि तू समोर बसून होतास. तोंड उघडून सांगायचंस. भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, मग संपलं असतं. विहीणबाई परक्या, त्यांनी मला साबणाने हात धुतल्याचं कळवलं आणि जेवायला शेजारी बसा म्हणाल्या. आपण एका आईच्या पोटचे, आणि तुला त्यांच्याआड लपावं लागलं.

मी तुला रागवेन अशी भीती वाटते म्हणतोस. अरे, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे. हिशेबाने आधी मी जाईन. तेव्हा तुझं नाही, माझं कोण करणार, हा प्रश्न कोणालातरी पडायला हवा होता. आमच्या खोलीतल्या मुली करतील, चांगल्याच करतील, शिकवल्या मीच आहेत. पण फोटो तर घरच्यांनी आणायचा असतो. माझा हसरा फोटो तुझ्याकडे आहे का, ते शोधून ठेव. नसला तर लग्नात काढून घे.

भीती वाटते असं तू लिहिलंस, त्यामुळे निम्मा राग गेला हे कबूल करते. उरलेला निम्मा बरोबर घेऊन येते आहे. हॉलमध्ये कोणी काय करता विचारलं तर जे करते ते सांगेन, आणि त्या वेळी तू दुसऱ्या टोकाला खुर्च्या मोजायला जायचं नाहीस. माझ्या बाजूला उभं राहायचंस.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारच्या बसने पोचेन. न्यायला तू ये, दुकानातल्या कोणाला पाठवू नकोस. त्या बसची पायरी उंच आहे आणि माझा गुडघा धड नाही. मी हात पुढे करीन. तो धरायचा आणि मला खाली उतरवून घ्यायचं.

तुझी,
ताई